जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय? एअर काढण्याआधी हे तपासा

ब्रेक दाबल्यावर पाय नेहमीपेक्षा खोल जातो, गाडी थांबते पण पेडलला आधार लागत नाही, असं कोणी सांगितलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "लाइनमध्ये एअर धरलीय, काढून टाक." मग ब्रेक ऑइलची बाटली येते, चारही चाकांचे निपल (हवा सोडायचे छोटे पोकळ स्क्रू) सैल होतात आणि अर्धा दिवस त्यात जातो. कधी पेडल सुधारतं, तर कधी चार दिवसांनी पुन्हा तसंच होतं. हवा हे मऊ पेडलचं एक कारण आहे आणि बऱ्याचदा खरं कारण तेच असतं. पण बंद लाइनमध्ये हवा आपोआप शिरत नाही. तिला कुठून तरी वाट मिळालेली असते, आणि ती वाट उघडी ठेवून एअर काढली तर दुखणं जागच्या जागी राहतं. शिवाय जुन्या गाडीत हवेचा एक बुडबुडा नसतानाही पेडल खोल किंवा मऊ लागू शकतं. त्याची चार-पाच कारणं पुढे येतीलच.

म्हणून मी हातात पाना घेण्याआधी एकच प्रश्न विचारते: पायाने पेडल जेवढं हललं, ती हालचाल गेली कुठे? ऑइल दबत नाही, लोखंडी पाइप जवळजवळ ताणले जात नाहीत. म्हणजे ती हालचाल कुठल्या तरी फटीत गेली, बुडबुड्यात गेली, गळतीत गेली, सीलच्या पलीकडे गेली किंवा फुगलेल्या रबरात गेली. या जागा मोजक्या आहेत आणि प्रत्येकीची पायाला जाणवणारी खूण वेगळी आहे.

इथे लिहिलंय ते जुन्या, साध्या रचनेच्या ब्रेकबद्दल: पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन सर्किटचा (ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटांचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर, व्हॅक्यूमवर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, एबीएस नाही. माझ्या गाडीत हेच आहे. चारही चाकांना ड्रम असतील तरी यातलं बहुतेक लागू पडतं. फार जुन्या गाडीत एकच सर्किट असतं. तिथे एका ठिकाणी पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात, त्यामुळे अशा गाडीचं पेडल थोडंही मऊ वाटलं तरी ती बाहेर काढू नका. दोन सर्किटच्या गाडीचं पेडल फरशीला टेकत असेल किंवा डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागत असेल, तर तिलाही हेच लागू.

थोडं गणित, कारण त्याने डोळे उघडतात

समजा मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर आहे आणि पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा ४८. क्षेत्रफळांचं गुणोत्तर साधारण ६.४ येतं. कॅलिपरचा पिस्टन १ मिलिमीटर सरकवायचा तर मास्टरचा पिस्टन ६.४ मिलिमीटर ढकलावा लागतो. पेडल ही तरफ आहे, ती पाचपट धरू. आता एकाच चाकाशी पॅड आणि डिस्क यांच्यात नेहमीपेक्षा फक्त अर्धा मिलिमीटर जास्त फट राहिली, तर पाय १६ मिलिमीटर जास्त खाली जातो. हवेचंही तेच. लाइनमध्ये १ मिलिलिटर हवा अडकली आणि ती दबून गेली, तर पेडलची साधारण साडेसतरा मिलिमीटर हालचाल तिनेच खाल्ली. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण प्रमाण याच घरातलं असतं. चाकाशी डोळ्यांना न दिसणारी फट पायाला मात्र चांगलीच कळते.

म्हणून आधी मोजमाप करा. पेडलखालची मॅट काढा (दुमडलेली मॅट पेडलखाली अडकते आणि मोजमापही चुकवते), फरशीवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि तीन उंच्या वहीत लिहा: पेडल मोकळं असताना, हलक्या दाबाला जिथे आधार लागतो तिथे, आणि जोरात दाबल्यावर. काम झाल्यावर याच तीन उंच्या पुन्हा मोजायच्या आहेत. "आता बरं वाटतंय" या मतावर ब्रेकचं काम संपवू नये.

पेडल काय सांगतं

इंजिन बंद ठेवा आणि बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेपर्यंत पाच-सहा वेळा पेडल दाबून सोडा. मग अर्धा मिनिट थांबून चाचणीला लागा.

पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि टणक लागतं, असं असेल तर हवेचा संशय मागे ठेवा. ही फटीची खूण आहे. ड्रमच्या आतले शू (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे भाग) ड्रमपासून लांब गेलेत, किंवा डिस्कमध्ये वाकडेपणा असल्याने वा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असल्याने पॅड मागे ढकलले जातायत. पहिला दाब फट भरण्यात जातो आणि दुसऱ्याला काम होतं. खात्री करायला हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून पुन्हा दाबा. पेडल लगेच वर आलं, तर मागच्या शूंचं अ‍ॅडजस्टमेंट सुटलंय. हँडब्रेक मागच्या ड्रममधल्याच शूंवर चालत असेल तरच या चाचणीला अर्थ आहे. वळणावळणाच्या रस्त्यानंतरचाच पहिला ब्रेक खोल जात असेल तर बेअरिंगचा खेळ आधी बघा.

भराभर दाबल्यावर पेडल थोडं वर येतं, पण तिथेही पायाखाली स्पंजासारखं दबतं आणि उसळतं, तर ती हवा. बुडबुडा हलक्या दाबातच बराचसा आवळला जातो, त्यामुळे सुरुवातीचा प्रवास लांब आणि पोकळ लागतो, मग खाली गेल्यावर आधार येतो.

तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. पेडल नीट आधार देतं, पण पाय तसाच स्थिर ठेवला की हळूहळू खाली बसत जातं. ही चाचणी पूर्ण एक मिनिट करा, एकदा जोरात दाबून आणि एकदा अगदी हलक्या पायाने. हलक्या पायाची चाचणी बरेच जण करतच नाहीत. जोरात दाबल्यावर ऑइलचा दाब सीलच्या ओठाला सिलिंडरच्या भिंतीवर चिकटवतो, त्यामुळे झिजलेलं सीलही वेळ मारून नेतं. सिग्नलला हलका ब्रेक धरून उभं असताना पेडल खाली सरकतं ते यामुळेच. पेडल बसतंय आणि डबीतलं (मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइलही कमी होतंय, तर बाहेर कुठेतरी गळती आहे. पेडल बसतंय पण डबी आहे तेवढीच भरलेली, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतच सील ओलांडून मागे जातंय. ही दुसरी स्थिती फसवी असते, कारण जमिनीवर एक थेंब दिसत नाही.

पेडलची उंची ठीक, पहिला आधारही वेळेवर, पण जोर वाढवावा तसं ते पुढे पुढे जात राहतं, असं असेल तर काहीतरी ताणलं किंवा वाकलं जातंय. जुने रबरी होस पाइप फुगतायत, कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकून अडकल्यात, पॅड एका बाजूने जास्त झिजून तिरके झालेत, किंवा नवे शू ड्रमच्या गोलाईला अजून पूर्ण बसलेले नाहीत. नव्या शूंमुळे असेल तर ते शू बसत जातील तसं कमी होतं. बाकीच्या कारणांचं तसं नाही.

आणि पाचवी: गाडी थंड असताना पेडल उत्तम, लांब उतारावर सारखा ब्रेक लावल्यावर एकदम मऊ, आणि अर्ध्या तासाने पुन्हा उत्तम. हे उकळलेलं ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याने उकळबिंदू खाली येतो. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो किमान १४० मानला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कॅलिपर तापला की ऑइलची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी थंड झाल्यावर तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. उतारावर असं झालं तर पेडल भराभर दाबत राहा, खालचा गिअर टाका, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. गाडी थांबली की चाकं थंड होईपर्यंत हलू नका आणि ऑइल पूर्ण बदलल्याशिवाय तो रस्ता पुन्हा धरू नका.

बूस्टरबद्दल एक गैरसमज काढून टाकते. बूस्टर बिघडला तर पेडल कडक होतं, मऊ होत नाही. व्हॅक्यूम संपवून पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. ते बूस्टर चालू असल्याचं लक्षण आहे, त्याला दोष समजून बूस्टर बदलू नका.

गळती शोधताना

डबी, मास्टर सिलिंडर, पाइपांचे जोड, होस, कॅलिपर, मागच्या ड्रमच्या पाठीमागच्या पत्र्याची खालची कड, चाकाच्या टायरची आतली बाजू. या क्रमाने टॉर्च घेऊन फिरा. रात्री प्रत्येक चाकाखाली आणि मास्टरच्या खाली पांढरा पुठ्ठा ठेवला की सकाळी डाग कुठे पडलाय ते कळतं. ब्रेक ऑइल पातळ असतं, बोटाला निसरडं लागतं आणि पाण्याने धुतलं जातं. इंजिन ऑइल पाण्याने जात नाही. हा फरक लक्षात ठेवला तर खोट्या डागांमागे फिरावं लागत नाही.

एक जागा हमखास सुटते: मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला बोल्टने बसलाय तो सांधा. मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात उतरतं, बाहेर काही दिसत नाही आणि डबी मात्र रिकामी होत जाते. त्या सांध्याखालचा रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला तर समजा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मास्टरचे दोन नट सैल करून तो किंचित पुढे ओढला की आतला ओलावा दिसतो. बूस्टर नसलेल्या गाडीत हेच ऑइल पेडलच्या वर, आतल्या बाजूला झिरपतं.

ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरचे (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) रबरी बूट बोटाने हळूच उचलून बघा. आतून ऑइल ओघळलं तर तो सिलिंडर संपला. त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला. ऑइल लागलेले शूही दोन्ही बाजूंचे बदला, ते पुसून किंवा भाजून पुन्हा बसवू नका. ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. शूंच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधा.

लोखंडी पाइपांना क्लिपच्या खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वर गंज धरतो, कारण चिखल तिथे साचतो. पाइप गंजून खवले धरले असतील तर तो अख्खा बदलायचा. मधला तुकडा कापून साधा जोड बसवणं ब्रेकमध्ये चालत नाही. नवा पाइप घेताना टोकाची घडी जुन्यासारखीच हवी. दुहेरी घडीचं टोक आणि गोल फुगीर टोक एकमेकांच्या जागी बसतात असं वाटतं, पण दाबाखाली गळतात.

होस तपासायला मदतनीस लागतो. माझा भाचा सीटवर बसून पेडल जोरात दाबतो आणि मी एकेक होस मुठीत धरते. चांगला होस हाताला जेमतेम कळतो. संपलेला होस बोटांखाली जाडावतो, आणि वाकवून बघितला तर त्यावर बारीक तडे दिसतात. एक असा निघाला की सगळे बदलावेत. त्यांचं वय सारखंच असतं.

तरीही कळलं नाही तर लाइन वेगळी करा

मास्टर सिलिंडरचे पाइप सोडवून त्या भोकांत योग्य आट्यांचे बंद बोल्ट बसवा आणि पेडल दाबा. आता ऑइलला जायला जागाच नाही, त्यामुळे पेडल वरच्या वर, दगडासारखं थांबलं पाहिजे. थांबलं तर मास्टर निर्दोष, दोष चाकांकडे. इथेही मऊ लागलं तर मास्टरमध्येच हवा आहे, आणि खाली बसत गेलं तर त्याची सीलं गेलीत. या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते, म्हणून मला ती फार आवडते. बोल्टच्या आट्या आणि टोकाचा आकार मात्र अचूक जुळला पाहिजे. अंदाजाने घट्ट केलेला बोल्ट मास्टरची आटी खराब करतो.

दोष चाकांकडे निघाला तर पाइप परत जोडा, जोडताना शिरलेली हवा काढा, आणि होस दाबून धरायचे गोल दांड्यांचे क्लॅम्प लावून एकेक चाक बंद करत जा. ज्या चाकाचा क्लॅम्प काढल्यावर पेडल खाली जातं, तिथे जा. पकडीने होस चिमटू नका, आतला थर फाटतो. जे होस आधीच तडकलेत त्यांना तर क्लॅम्पही लावू नका, ते थेट बदला.

दुरुस्ती

मागच्या शूंचं अ‍ॅडजस्टमेंट आधी करा, कारण त्यात पैसा लागत नाही आणि बऱ्याच जुन्या गाड्यांचं पेडल तेवढ्यानेच वर येतं. पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालायचा नाही. हँडब्रेकची केबल आधी पूर्ण सैल करा. ती ताणलेली असेल तर शू मागे जागेवर बसत नाहीत आणि सगळं अ‍ॅडजस्टमेंट खोटं होतं. मग पाठीमागच्या पत्र्याच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने दातेरी चाक फिरवत जा, गाडीचं चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. पेडल एकदा दाबून सोडा म्हणजे शू मध्यावर येतील. नंतर दाते उलटे सोडत जा, चाक मोकळं फिरेल पण आतून हलकी घासल्याची कुजबुज येईल इथपर्यंत. दोन्ही बाजूंना सारखं झालं की शेवटी हँडब्रेकची केबल ताणा. अ‍ॅडजस्टर गंजून अडकला असेल तर ड्रम काढून तो मोकळा करावाच लागेल. बऱ्याच ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. ड्रम त्यापुढे गेला असेल तर नवे शूही उपयोगाचे नाहीत.

पुशरॉडचा (पेडलचा जोर मास्टरकडे नेणाऱ्या दांडीचा) मोकळा खेळ तपासा. पेडल हाताने हलवल्यावर मास्टरचा पिस्टन हलण्याआधी थोडीशी, काही मिलिमीटरची मोकळीक हवी. अचूक आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पेडल वर आणण्यासाठी काही जण पुशरॉड लांब करून ही मोकळीक संपवतात. त्याने मास्टरमधलं बारीक भोक झाकलं जातं, ऑइल डबीत परतू शकत नाही, ब्रेक धरून राहतात आणि तापतात. पेडल टणक लागतं, पण चाकं जळत असतात. हे कधीही करू नका.

मास्टरची सीलं गेली असतील तर सिलिंडर उघडून आतली भिंत उजेडात बघा. नुसता डाग असेल तर नवं किट बसवून चालतं. नखाला खड्डा किंवा ओरखडा लागत असेल तर नवा मास्टर घ्या. सीलं बसवताना कोरं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकच्या रबरासाठीचं ग्रीसच लावायचं. साधं ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल यांनी ब्रेकचं रबर फुगतं आणि आठवड्याभरात सगळं काम वाया जातं. नवा मास्टर गाडीत बसवण्याआधी त्यातली हवा बाहेरच काढा. त्यासाठी तो शिकंज्यात (व्हाइसमध्ये) बोल्टच्या कडेने आडवा धरा. बाहेर जाणाऱ्या भोकांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि पिस्टन मागून बोथट दांडीने सावकाश ढकलत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडाच बसवलेला मास्टर नंतर चाकांवरून कितीही एअर काढली तरी पोटात हवा धरून राहतो.

पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा, त्यांचं ग्रीस लावा, हाताने सहज सरकल्या पाहिजेत. होसच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

आता एअर काढा

आधी डबीकडे जा. झाकणाभोवतालचा कचरा पुसा आणि मगच झाकण उघडा. ऑइल सीलबंद डब्यातलं हवं, गाडीच्या पुस्तकात किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच कुळातली आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. नावात एका अंकाचाच फरक असल्याने इथे घोळ होतो. रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. डोळ्यांना चष्मा लावा.

निपल सोडवण्याआधी वरची बाजू तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री लावून ठेवा. सहा बाजूंचा रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने कडा गोल होतात. अडकलेला निपल आधी किंचित आवळून बघा, मग सोडवा. कट्ट करून गंज तुटल्याचं हाताला कळतं. जोर वाढवूनही हलत नसेल तर थांबा. तुटलेला निपल काढण्यापेक्षा तापवून पुन्हा प्रयत्न करणं सोपं असतं.

आणि निपल वर आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खालच्या बाजूला येतो. हवा वर राहते, ऑइल खालून निघत राहतं आणि बाटल्यामागून बाटल्या संपल्या तरी पेडल जागचं हलत नाही. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेल्या मऊ पेडलचं कारण शोधताना मी सर्वांत आधी हेच बघते.

सर्वसाधारण क्रम मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. पण तिरक्या सर्किटच्या गाड्यांत, जिथे एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर असतं, क्रम वेगळा असू शकतो, तो पुस्तकातून घ्या. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असेल तर मागची चाकं लोंबकळत ठेवून एअर काढू नका. गाडी रिकामी आहे असं समजून तो वॉल्व्ह मागची वाट आवळतो. स्टँड अ‍ॅक्सलखाली ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर भार राहील.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन सिलिंडरच्या काही भागातच फिरतो, पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल फरशीपर्यंत दाबलं की सीलं त्या खरखरीत भागात जातात आणि ओठ फाटतात. सकाळी फक्त मऊ असलेलं पेडल संध्याकाळी खाली बसायला लागतं ते यामुळे. माझ्या टूलबॉक्समध्ये एक ठोकळा यासाठीच आहे.

आता निपलवर पारदर्शक नळी घट्ट बसवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं. मी चाकाशी, भाचा पेडलवर. "दाब." "दाबलं, मावशी." त्याच्या उत्तरानंतरच मी निपल पाव आटा सोडते. पेडल खाली जातं, नळीतून ऑइल येतं, मी निपल आवळते, मग म्हणते "सोड." निपल उघडा असताना पाय उचलला तर आट्यांमधून हवा आत ओढली जाते, म्हणून उत्तर ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही. दाब सावकाश, सोडणं त्याहून सावकाश. भराभर दाबल्याने मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत.

नळीकडे टक लावून बघा. आधी चहाच्या रंगाचं ऑइल येतं, मग मध्येच बुडबुड्यांची माळ, मग नवं स्वच्छ ऑइल. बुडबुडे थांबल्यावरही थोडं जाऊ द्या. डबी खालच्या खुणेच्या वर ठेवत राहा. ती रिकामी झाली तर मास्टरमध्ये हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून. निघालेलं ऑइल पुन्हा डबीत ओतू नका, नाल्यातही ओतू नका, गॅरेजच्या टाकाऊ ऑइलमध्ये द्या.

मदतनीस नसेल तर निपल उघडून ऑइल आपोआप ठिबकू द्या आणि डबी भरत राहा. वेळ लागतो, पण जुन्या मास्टरच्या सीलांना याहून सुरक्षित पद्धत नाही. चाकाकडून हवा खेचणारा पंप वापरलात तर निपलच्या आट्यांमधूनही हवा येते आणि नळीत बुडबुडे थांबतच नाहीत असं वाटतं. ते बुडबुडे लाइनमधले नसतात. निपल आवळताना दांडगाई नको, तो छोटा आहे. आणि त्यावरच्या रबरी टोप्या परत घाला, म्हणजे पुढच्या वेळी तो सहज सुटेल.

रस्त्यावर जाण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल दाबा आणि सुरुवातीच्या तीन उंच्या पुन्हा मोजा. मग इंजिन चालू करून जोरात दाबून एक मिनिट धरा. पेडल सुरुवातीला किंचित जाऊन थांबलं पाहिजे. तसंच धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक जोड, प्रत्येक निपल कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला तर तिथे काम बाकी आहे. चाकाचे नट पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे आवळा.

पहिला ब्रेक चालण्याच्या वेगात, मोकळ्या सपाट जागी. मग थोडा वेग वाढवून, हात स्टिअरिंगवर हलका ठेवून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. थोडं फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, डिस्क-ड्रमला स्पर्श न करता. एखादं चाक इतरांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय.

डबीवर पातळीशी पेनने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. रेघेखाली ऑइल गेलं तर गळती अजून आहे. रेघ तिथेच आणि पेडल पुन्हा खोल, तर बंद बोल्टची चाचणी करून मास्टरपासून सुरुवात करा. दोन्ही जागच्या जागी असतील तर वहीत तारीख घाला. ऑइल दोन वर्षांनी बदलायचं आहे, गाडी या काळात कितीही कमी फिरली तरी.